बारा काड्या

नाताळ संपता संपता, पाच जानेवारीच्या रात्री
आई गोठ्यातून ताज्या शेणाचा गोळा आणायची.
त्यावर चुलीतली राख भुरभुरायची,
थापून थापून ताटलीएवढा करायची
आणि म्हणायची, हात धुऊन या, नावं ठेवायची आहेत.

लव्हाळे ऑगस्टातच कापलेले असत
खाडीमागच्या पाणथळीतून.
साल सोलायची, एक पट्टी तेवढी राखायची
कण्यासारखी, गर मोडू नये म्हणून.
मग मेंढीच्या चरबीत बुडवून वाळवायचे.
हे बुडवण्याचं काम आई एकटीच करी, दार लावून.
आम्हाला वाटे, वास येतो म्हणून.

बारा काड्या शेणात रोवल्या जात, गोलाकार.
ही बाबांची. ही फेस्टसची,
जो बॉस्टनला विटा वाहत होता आणि पत्रात हवामान लिहायचा.
ही मॅलकीची, त्याचा गवती मुखवटा अजून खुंटीवर होता,
सव्वीस डिसेंबरला दारोदार नाचून आणलेली चिल्लर
त्याने कधीच उडवली होती.
ऑनरची. माझी. धाकट्या कोलमनची,
खिडकीतल्या कोरलेल्या सलगमात मेणबत्ती
यंदाही त्यानेच लावलेली,
वाट चुकलेल्या कुणाला दिसावी म्हणून.
आत्या बारब्रेची. टेकडीवरच्या मॉर्टीची,
त्याच्या नावाने काडी लावायला दुसरं घर नव्हतं.
आणखी दोनतीन अशाच, आणि शेवटी आईची.

मग गुडघे टेकून जपमाळ.
ओठ देवाकडे, डोळे काड्यांकडे.
जिची आधी विझेल तो आधी जाणार,
हे कुणी शिकवलं नव्हतं,
तरी सगळ्यांना पाठ होतं.
दाराखालून अटलांटिकचा वारा यायचा
आणि आम्ही श्वास धरून बसायचो,
आपल्या फुंकरीने कुणी मरायला नको.

दर वर्षी आईचीच आधी विझायची.
"सुटले बाई," ती म्हणायची,
"आता तुम्ही बसा भांडत."
मग वर्षभर कोलमन तिला
एकटीला विहिरीवर जाऊ द्यायचा नाही.

बाबा मार्चमध्ये गेले,
शेवाळ आणायला गेलेली होडी उलटून.
त्यांची काडी त्या वर्षी शेवटपर्यंत तगली होती,
मी पाहिली होती, पैज लावली असती.

पुढे आईच्या बोटांत कंप आला.
ऑगस्टात तिने मला चुलीपाशी बोलावलं,
चरबीची कढई माझ्याकडे सरकवली.
"तुमच्या तीन वेळा बुडव.
माझी एकदाच.
आणि दार लावून घे."

एवढंच बोलली. मी दार लावलं.
सगळे जानेवारी एकदम माझ्या अंगावर आले.

आणि मी तिचं ऐकलं नाही.
तिची काडी मी पाच वेळा बुडवली,
दर खेपेला चरबी गोठू देऊन, नीट,
बोटाएवढी जाड होईतो.

त्या रात्री एकेक विझत गेली.
बारब्रेची, मॉर्टीची, माझी.
फेस्टसची तडतडून गेली, बॉस्टनला ऐकू जाईल अशी.
शेवटी शेणाच्या त्या काळ्या चकतीवर
एकटी आईची, सरळ, निर्लज्ज.
तिने माझ्याकडे पाहिलं.
लहानपणी साखर चोरल्यावर पाहायची तसं.
मग बोटांना थुंकी लावली
आणि ज्योत चिमटीत धरून विझवली.
"निजा आता."

बाहेर त्या वेळी विहिरीच्या पाण्याची वाइन होत असणार,
पाणथळीतल्या लव्हाळ्यांचं रेशीम.
वर्षातून एकदाच होतं म्हणतात, मध्यरात्री,
आणि जो बघायला जातो तो परत येत नाही.
आम्ही कुणी गेलो नाही.
अंधारात चरबीचा वास होता
आणि कोलमन, एवढा मोठा दाढीवाला कोलमन,
मुसमुसत होता.

सकाळी बायकांचा नाताळ.
त्या दिवशी आमच्याकडे बाया चुलीला हात लावत नाहीत.
मॅलकीने चहा केला, काळाकुट्ट,
आणि केक एका बाजूने जाळला.
आईने जळकी बाजू मागून घेतली.